आईचा दिवस

मरोदा, भिलाई
१३ जानेवारी

चि. सुमेधा,
आशीर्वाद.

डिसेंबरात तुझा निरोप आला होता, "आईच्या दिवसाला मंगल भवन नको, पंगत नको. शाळेतल्या मुलांना जेवू घाला." वर्षभरात तुझा तेवढाच एक निरोप. म्हणून त्यात माझे काही न घालता काल तसेच केले.

सकाळी घरी गुरुजी येऊन विधी करून गेले. मग शाळेत गेलो. इथल्या सरकारी शाळांत आता न्योता भोज म्हणून सुरू झाले आहे. मोहल्ल्यातल्या कुणालाही आपल्या घरच्या प्रसंगाला मुलांना जेवण देता येते. आपल्या घरामागे बस्ती आहे, तिथली प्राथमिक शाळा मी धरली. मुख्याध्यापिकांना सगळे बडी मॅडम म्हणतात. पालकांची समिती असते, तिची अध्यक्ष वंदना साहू. बस्तीत तिचे शिलाईचे दुकान आहे आणि तिची मिताली याच शाळेत तिसरीत आहे. वंदनानेच सगळे जुळवून दिले. बस्तीतल्या बायका भाज्या चिरायला, पुऱ्या लाटायला आल्या होत्या. शाळेत रोजचा स्वयंपाक करणारी कमलाबाई मुख्य होती.

पुरी, खीर, उडदाचे वडे, वांगी-बटाट्याची भाजी केली. मुले पोटभर जेवली. तुझ्या आईचे नाव फळ्यावर रंगीत खडूने लिहिले होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

सर्व नीट पार पडले. काळजी नसावी.

तुझा,
बाबा

---

मरोदा
१६ जानेवारी

चि. सुमेधा,
आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. "बाबा, हा कसला व्हिडिओ आहे? त्या बाईंना तुम्ही सांगणार, की या वेळीही मीच सांगू?"

माझे पहिले पत्र तुला अजून मिळाले नसेल. मिळेल तेव्हा त्यातले "सर्व नीट पार पडले" हे वाक्य खरे धरू नकोस. बाकी खोटे काही लिहिलेले नाही, पण जे लिहायला हवे होते ते लिहिले नाही.

झाले ते असे. मी बडी मॅडमकडे गेलो आणि म्हणालो, "बारह तारीख को मेरी पत्नी का दिन है. बच्चों को खाना देना है." आपण घरात श्राद्धाला असेच म्हणतो. आजीचा दिवस, आजोबांचा दिवस. मी तेच हिंदीत बोललो. मॅडम एकदम खूश झाल्या. "अरे वाह! क्या नाम है भाभीजी का?" मी नाव सांगितले. जेवण देतो आहे म्हणून वाह म्हणाल्या असतील, असे मला वाटले.

कमलाबाईला काय काय करायचे ते सांगितले तेव्हा ती हसली. "बरा, खीर, सोहारी! भैया, पितर मना रहे हो का?" इकडे पितृपक्षात हेच वडे, खीर, पुऱ्या करतात. बाकीच्या बायकाही हसल्या. मीही हसलो. थट्टा करते आहे, पण समजली आहे, असे मी धरून चाललो. ती खरोखरच नुसती थट्टा करत होती.

त्या दिवशी शाळेत पाय ठेवला तर व्हरांड्यात फुगे. फळ्यावर लिहिलेले, "श्रीमती अन्नपूर्णा आंटी को जन्मदिन की बहुत-बहुत शुभकामनाएँ." तेव्हा मला कळले. तेव्हाच सांगायचे होते. मॅडम आणि वंदना दोघी शेजारीच उभ्या होत्या. एक वाक्य पुरले असते.

मुले रांगेत उभी राहून हॅपी बर्थडे म्हणू लागली. तू ते व्हिडिओत पाहिले आहेस. फळ्याशेजारी मी उभा आहे आणि हसतो आहे. पाहुण्यासमोर हसतात तसले ते हसणे नव्हते. मला बरे वाटत होते, सुमी. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटत होते. तुझ्या आईचे नाव इतक्या मोठ्याने कुणी घेतल्याला वर्ष झाले होते. एका मुलीने विचारले, "आंटी को क्या पसंद है?" मी म्हणालो, "कच्चा आम, नमक लगा के." आवडते म्हणालो. आवडायचे म्हणालो नाही.

वंदनाने विचारले, "अंकल, आंटी क्यों नहीं आईं?"

"बेटी के पास है, नाशिक."

"तो दीदी का नंबर दो ना. बच्चों का वीडियो भेज देते हैं, आंटी खुश हो जाएँगी."

मी नंबर दिला. नाही म्हणायला कारण सुचले नाही. खरे कारण एकच होते आणि ते मी सांगत नव्हतो.

गेल्या जानेवारीत सेक्टर २ च्या क्वार्टरमध्ये फोन वाजला की मी उचलून तुझ्या हातात देत होतो. नातेवाईक, माझे प्लांटमधले लोक, दूधवालासुद्धा, सगळ्यांना तूच सांगितलेस. मी एकालाही सांगितले नाही; तुलासुद्धा शेजाऱ्यांनी कळवले. तेरवी आटोपून जाताना तू दारात म्हणालीस, "बाबा, आई फक्त माझीच गेली होती का?" मी तुझी बॅग रिक्षात ठेवली. त्यानंतर तू फोन उचलत नाहीस. तुझे बरोबर आहे.

वंदनाला उत्तर पाठवू नकोस, एवढी विनंती आहे. या वेळी तुला सांगावे लागणार नाही. मी सांगतो.

बाबा

---

मरोदा
२१ जानेवारी

चि. सुमेधा,

अजून सांगितलेले नाही.

आधी एक गोष्ट कबूल करतो. "बेटी के पास है" हे मी त्या दिवशी शाळेत पहिल्यांदा म्हटले नव्हते. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून इथे राहायला आलो, तेव्हापासून हेच सांगतो आहे. सामान उतरत होते तेव्हा शेजारच्याने विचारले, "भाभीजी?" मी म्हणालो, मुलीकडे. मग किराणावाल्याला, मग नळ बसवायला आलेल्याला. इथे तिला कुणी पाहिलेले नाही, त्यामुळे कुणी खोडून काढले नाही. शाळेत चूक झाली ती शब्दाची. पण ती चूक टिकली ती माझ्या या सवयीमुळे.

परवा वंदना घरी आली. सोबत मिताली होती. सांगायचे ठरवूनच मी त्यांना आत बोलावले, चहा ठेवला.

"अंकल, दीदी ने वीडियो देख लिया, नीली टिक आ गई. पर कुछ बोलीं नहीं. नाराज़ हैं क्या?"

"नहीं, काम बहुत रहता है उसको."

"अच्छा सुनिए. छब्बीस जनवरी को आंटी का सम्मान करना है. शाल-श्रीफल. समिति में पास हो गया. अब आप मना मत करना."

मी म्हणालो, आता इतक्यात तिकीट मिळणार नाही.

"मेरा देवर रेल्वे में है. तत्काल निकाल देगा. कौन सी गाड़ी से आती हैं?"

मी म्हणालो, "शालिमार."

कसे म्हणालो माहीत नाही. तिने लगेच मोबाइल काढला. "पूरा नाम तो है मेरे पास. उमर?"

"सत्तावन."

तुला ठाऊक आहे, ती छप्पन्नाची गेली. मधले एक वर्ष मी वाढवून सांगितले. त्या बाईसमोर बसून, चहा गार होत असताना. मिताली म्हणाली, "मैं आंटी के लिए डांस कर रही हूँ," आणि तिथेच दोन पावले करून दाखवली. वंदना तिला ओरडली, "अरे, अंकल के घर में धूल मत उड़ा!" मी म्हणालो, करू द्या. त्या गेल्यावर मी वंदनाला मेसेज केला की तिकीट काढू नका, मी बघतो. एवढेच.

काल कवडूकाका आला होता. सेक्टर २ मधला आपला शेजारी, तुला तो लहानपणी सायकलवर बसवायचा. त्याला गल्लीत घर सापडेना, म्हणून त्याने कुणाला तरी विचारले.

आत येऊन चप्पलही न काढता म्हणाला, "देवाजी, तू लोकाईले सांगून काय राहिला बे? मी घर पुसलं तं एक बाई मले म्हणे, भाभीजी नाशिक से कब आ रही हैं? माह्या तं अंगावर काटा आला."

मी त्याला सगळे सांगितले. तो डोक्याला हात लावून खाली बसला.

"फर्नेससमोर जिंदगी काढली तुनं. अन् एका शिलाईवालीसमोर तोंड उघडत नाही?"

"उघडत नाही."

"मंग एक काम कर. आता सांग का नाशिकलेच अटॅक आला. कालपरवा गेली म्हण. कोनाले काय समजते? तुह्या शाळेतलं जेवन बी खोटं नाही ठरत. लेकरं वाढदिवसाचंच जेवले. बाया बोंबलणार नाहीत. मामला खतम."

त्याने हे माझ्या काळजीपोटी म्हटले. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही, कारण मी त्यावर विचार केला. तो गेल्यावर जेवताना, भांडी घासताना हाच विचार केला. किती सोयीचे होते ते. इथे श्राद्धाच्या जेवणाला मरनी का खाना, मयताचे जेवण, म्हणतात. आया ते पोरांना असे न सांगता खाऊ घालू देणार नाहीत. वंदनाच्या भरवशावर त्यांनी पाठवले होते. उद्या बोलणी तिलाच खावी लागतील. कवडू म्हणतो तसे केले तर तीही सुटते, मीही सुटतो. मी मनात तारीखसुद्धा ठरवली होती.

मग लक्षात आले, वंदना तुलाच फोन करील. तुझे सांत्वन करील. आणि तुला हो म्हणावे लागेल. तुझ्या आईला मी दुसऱ्यांदा मारायला निघालो होतो, तेही तुझ्या घरात, आणि सांगायला परत तूच.

याहून खाली माणूस किती जाईल मला माहीत नाही. सव्वीस तारखेच्या आधी सांगतो.

बाबा

---

मरोदा
२५ जानेवारी

चि. सुमेधा,

आज सांगितले.

दुपारी शाळेत गेलो. उद्याच्या झेंडावंदनाची तयारी चालली होती. व्हरांड्यात सतरंजी टाकून बस्तीतल्या सात-आठ बायका कागदाच्या पताका दोरीला चिकटवत होत्या. वंदना, तिची सासू, कमलाबाई, आणखी काही. मुले घरी गेली होती. वंदनाने मला पाहून म्हटले, "आइए अंकल, आज आपसे भी काम कराएँगे. गोंद लगाना आता है?" सगळ्या हसल्या.

मी उभाच राहिलो. म्हणालो, "आपको बताना था. अन्नपूर्णा गई."

वंदना म्हणाली, "कहाँ गई? अरे, नाशिक से कहीं और चली गईं? कल का क्या होगा फिर?"

आपण गेली म्हणतो ना, तेवढेच मला बोलता येत होते, आणि तेही तिथे पोचले नाही. मी दुसरा शब्द शोधू लागलो. वारली हिंदीत म्हणता येत नाही. स्वर्गवास तोंडात आला नाही. मी म्हणालो, "मर गई. पिछले साल मर गई. उस दिन उसका जन्मदिन नहीं था. उसका साल था."

मेलेल्या कुत्र्यामांजराबद्दल बोलावे तसे ते ऐकू आले. पण ते कळले.

मग एका बाईने हातातली पताका खाली ठेवली आणि म्हणाली, "मतलब हमारे बच्चों को मरनी का खिला दिया? बिना बताए?"

"हाँ," मी म्हणालो.

"और हम यहाँ बैठ के पूड़ी बेल रहे थे!" दुसरी म्हणाली. कमलाबाई पुटपुटली, "मैं तो पूछी थी. हँस के पूछी थी, पर पूछी तो थी." एकीने वंदनाला विचारले, "तुझे पता था?" वंदनाने नुसती नाही अशी मान हलवली. माझ्याकडे बघितलेही नाही. मी म्हणालो, इनको कुछ नहीं पता था, किसी को नहीं पता था, गलती मेरी है. पण तोवर तिला बोलणी बसली होती. दोघीजणी उठून गेल्या.

मग वंदना बोलली. ओरडली नाही. "खाने का मैं सँभाल लूँगी, अंकल. दाना तो दाना है. पर मैंने अपनी बच्ची को बोला था, आंटी ने तेरा गाना सुना होगा, बहुत खुश हुई होंगी. वो रोज़ पूछती है, क्या बोलीं आंटी? मैं बना-बना के बताती थी. आंटी ने ये बोला, आंटी ने वो बोला. आपने मेरे से भी झूठ बुलवा दिया."

मी माफी मागितली. तिने ती घेतली की नाही, कळले नाही.

मी जायला वळलो तेव्हा तिची सासू म्हणाली, "बइठ बेटा." बरीच म्हातारी आहे, छत्तीसगढीच बोलते. तिने सतरंजीवरचे कागद बाजूला सारून जागा केली. कसे झाले ते तिने विचारले, "कइसे होइस?"

मी बसलो आणि सांगितले. कधी गेली, कुठे, काय करत होती. मला वाटले होते मला ते येणार नाही, पण एकदा सुरू झाल्यावर आले. म्हातारी मधे मधे "फेर?" म्हणजे मग पुढे, असे विचारत होती आणि मी पुढे सांगत होतो. "आखिर में का कहत रिहिस?" शेवटी ती काय म्हणत होती हेही तिने विचारले, आणि मी तेही सांगितले. वंदना पताका चिकटवत होती, पण तिचे हात थांबले होते.

सगळे ऐकून झाल्यावर वंदनाने एकच प्रश्न विचारला. "दीदी को तो बताया होगा ये सब?"

मी नाही म्हणालो.

"उनकी माँ की बात हमको बता दी, उनको नहीं?" ती म्हणाली. "अंकल, आप अजीब आदमी हो."

निघताना तिने सांगितले की उद्याचा सत्कार अर्थात होणार नाही. "आप मत आइए कल. बच्चे पूछेंगे. मैं बता दूँगी उनको."

ती चांगुलपणानेच म्हणाली. गेल्या वर्षीचा मी असतो तर हो म्हणून घरी आलो असतो.

मी म्हणालो, "नहीं. बच्चों को मैं बताऊँगा. आप मत बताना."

तिने थोडा विचार केला. "मर गई मत बोलना उनके सामने."

"फिर क्या बोलूँ?"

"वो आप सोचो," ती म्हणाली.

उद्या झेंडावंदनानंतर, मिठाई वाटायच्या आधी, मला दोन मिनिटे दिली आहेत. मितालीला कदाचित वंदना उद्या शाळेत पाठवणार नाही. त्या दोघी उठून गेलेल्या बायकाही आपल्या मुलांना पाठवणार नाहीत, असे दिसते. जी येतील त्यांना सांगेन.

आता तुला. बस्तीतल्या बायकांना तुझ्या आधी कळले, याची लाज वाटते. तू त्या दिवशी संध्याकाळी विमानाने पोचलीस तेव्हा तिला हॉलमध्ये ठेवले होते. तू विचारलेस, "कसं झालं?" आणि मी डॉक्टरांचा कागद पुढे केला. कागदावर अटॅक लिहिलेले होते. ते काही कसे झाले याचे उत्तर नव्हते.

माझी जनरल शिफ्ट होती. सकाळचे मी पुढच्या खोलीत बुटांना पॉलिश करत होतो, स्वयंपाकघराकडे पाठ होती. ती आत उंबऱ्याजवळ बसून मटार सोलत होती आणि बोलत होती. आपल्या घरात बोलायची ती, आणि मी हं म्हणायचो, हे तुला माहीतच आहे. तू आम्हाला त्यावरून चिडवायचीस. ती या मरोद्याच्या घराविषयीच बोलत होती. म्हणाली, तिथे मागच्या बाजूला एक दार काढून घ्या. मागे बस्ती आहे, बाया येतील-जातील, शाळेची लेकरं येतील. "तुमाले तं बोलाचं नाही. मले बोलाले मानसं पाहिजेत." मी हं म्हणालो. मग म्हणाली, "सुमी आली का तिले बी आवडन मागचं दार. तिले सांगजा." मी हं म्हणालो.

मग ती काही बोलली नाही. मला वाटले दाणे चाखते आहे, किंवा माझ्यावर चिडली आहे. दुसरा बूट घेतला. ती बोलतच असेल आणि मला ऐकू आले नसेल, असे समजून मी आणखी एकदा हं म्हणालो.

तेव्हा ती नव्हती, सुमी.

बाबा